आजीच्या कपाळावरचा घाम

“ही माझी आजी नाही,” डेनिसबाई म्हणाल्या.

टेबलावर पोस्टरचं प्रूफ पसरलं होतं. प्रूफ म्हणजे खरी छपाई सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. आमचे मालक मोरिता-सान लगेच कमरेत वाकले. काय चुकलं ते कळायच्या आधीच माफी. ही इथली पद्धत. वाईट नाही, पण माफी मागून झाली की माणसाला वाटतं काम झालं.

“फोटो दुसरा लागला का?” मी विचारलं.

“फोटो तोच आहे. बाई दुसरी आहे.”

मी कांबळे. ऑफसेट मशीन चालवतो. शिक्षण चौथी. मुंबईच्या प्रेसने जपानी मशीन घेतलं, ते शिकायला मला इकडे जपानला पाठवलं, आणि मोरिता-सानच्या वडिलांनी मला ठेवून घेतलं. प्रेस हिगाशी-कसाई भागात, मी राहतो शेजारच्या निशी-कसाईत. गेल्या वर्षी बायको गेली. मुलगा म्हणाला, बाबा, आता बसा. बसून काय करू? भिंती बघू? पुन्हा कामावर आलो.

डेनिसबाई अमेरिकेतल्या काळ्या बाई. इथल्या एका कॉलेजात शिकवतात. आपल्या लोकांच्या लढ्याचं प्रदर्शन त्यांनी मांडायला घेतलं होतं. सगळी पोस्टरं आमच्याकडे. त्यांचं जपानी मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमायचं. गुलामांनी बंड करून एक अख्खं बेट मोकळं केलं, ते एका पोस्टरवर. बसमध्ये मागे बसायचं नाही म्हणून वर्षभर पायी कामाला गेलेली माणसं दुसऱ्यावर. तिसऱ्यावर वस्तीतल्या लहान मुलांना शाळेआधी पोटभर नाश्ता वाढणारी तरुण पोरं, आणि त्याच पोरांच्या दारात उभे पोलीस.

ती पोरं मला माहीत होती. म्हणजे त्यांच्या संघटनेचं नाव माहीत होतं. मुंबईत मी पायानं चालवायच्या ट्रेडल मशीनवर नवीन लागलो होतो तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोरांनी त्यांचंच बघून, त्यांचंच नाव घेऊन संघटना काढली होती. पत्रकं आमच्या प्रेसमध्ये छापायची. मालक म्हणायचा, छापा, पण खाली प्रेसचं नाव नको. डेनिसबाईंना हे सांगितलं तर त्या खुर्चीच घेऊन बसल्या. “आमची गोष्ट तुमच्या गल्लीपर्यंत पोचली होती?” मी म्हटलं, “बाई, आम्ही गावकुसाबाहेरचे. अशा गोष्टी आमच्याकडे आधी पोचतात.”

तर ते पोस्टर. तुरुंगासमोर हातात हात घालून उभ्या बायका. आत त्यांचे नवरे, मुलगे. पुढच्या रांगेत मधोमध डेनिसबाईंची आजी.

मी मूळ स्कॅन काढायला लावला. शेजारी प्रूफ ठेवलं. प्रूफातल्या सगळ्या बायका उजळ. गुळगुळीत. सोललेल्या बटाट्यासारख्या.

कॉम्प्युटरचं काम निशिमुरा-सान बघतात. पन्नाशीच्या बाई, कामात चोख. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “मी नेहमीसारखंच केलं. सगळ्यांचेच चेहरे थोडे उजळ करते. कपाळावर डाग होते, ते काढले.”

“डाग नव्हते ते,” डेनिसबाई म्हणाल्या. “घाम होता. सकाळपासून उन्हात उभ्या होत्या त्या.”

निशिमुरा-सान लाल झाल्या. त्यांना वाईट करायचं नव्हतं. इथं गिऱ्हाइकानं सांगायच्या आधी त्याची सोय बघतात. हॉटेलच्या मेन्यूवरचा आचारी उजळ, शाळेच्या पुस्तकातली पोरं उजळ. आणि आपण तरी काय वेगळे? मुंबईत लग्नपत्रिकेवर जोडप्याचा फोटो आला की मुलीचा बाप कानाशी लागायचाच, “जरा उजळ येऊ द्या हं.”

“शनिवारी उद्घाटन आहे,” डेनिसबाई म्हणाल्या. “माझी आई येते आहे अमेरिकेहून. मी तिला तिच्या आईसमोर उभं करणार आहे. हे पोस्टर लावण्यापेक्षा ती भिंत रिकामी ठेवीन.”

मी म्हटलं, “सोपं आहे. उजळ केलेलं काढून टाकू. जसा फोटो तसा छापू.”

सोपं नव्हतं. दुसरं प्रूफ काढलं तेव्हा कळलं. आमचं मशीन एका वेळी एकच शाई लावतं, आणि बाईंनी निवडलेला कागद शाई पिणारा. अशा कागदावर गडद भाग बुजतो. म्हणजे बारीक बारीक ठिपके पसरून एकमेकांना चिकटतात आणि नुसता काळा गोळा उरतो. नाक गेलं, ओठ गेले. काळ्या गोळ्यात डोळे आणि दात तेवढे पांढरे.

डेनिसबाईंनी प्रूफ उलटं करून ठेवलं. “आमची टिंगल करायला तिकडे अशीच चित्रं काढायचे,” त्या म्हणाल्या.

मग निशिमुरा-सानच बोलल्या. “दोन शाया लावल्या तर? आधी तपकिरीकडे झुकणारी करडी, तिच्यात चेहऱ्याचा सगळा उठाव. वरून काळी, पण फक्त जिथं खरंच सावली आहे तिथं.”

बरोबर होतं. पण मग एकेक कागद मशीनमधून दोनदा जाणार. मध्ये शाईचे रूळ पूर्ण धुवायचे. आणि दुसरा छाप पहिल्यावर अचूक बसला पाहिजे. केसभर सरकला की आजीला दोन नाकं.

मोरिता-सान दातातून हवा ओढत म्हणाले, “अवघड आहे.”

जपानमध्ये मालक अवघड म्हणाला की त्याचा अर्थ नाही. हे कळायला मला फार वर्षं लागली. कळल्यावर मी न कळल्यासारखं करायला शिकलो.

“अवघड आहे ना? मग लवकर सुरू करायला पाहिजे.”

“कांबळे-सान, मशीनवर सुपरमार्केटची पत्रकं आहेत. शुक्रवारपर्यंत मोकळं नाही.”

“गुरुवारी सुट्टी आहे.”

“सुट्टीच्या दिवशी मशीन लावलेलं शेजाऱ्यांना चालत नाही. वडिलांच्या वेळेपासून आपण लावलेलं नाही.”

“वडिलांच्या वेळी सुट्टीत मशीन लावलेलं मी बघितलंय. तुम्ही तेव्हा शाळेत होता.”

“तुम्ही रागावला आहात.”

“हो, रागावलोय. मोरिता-सान, माझ्या बायकोच्या अंत्यविधीला तुम्ही आला होता. तिचा फोटो बघितलात?”

“बघितला. फार सुंदर होता.”

“ती माझी शकू नव्हती.”

अंत्यविधीच्या कंपनीनं न विचारता फुलांत मांडायचा फोटो उजळून दिला होता. मुलगा म्हणाला, छान आलाय. शकू काळी होती. चांगली काळी, पिकलेल्या जांभळासारखी. लग्नात माझ्या मावशीनं नाक मुरडलं तर नवी नवरी शकूच तिला म्हणाली, “मावशी, पक्का रंग आहे, धुतल्यानं जायचा नाही.” आणि शेवटी फुलांच्या मधोमध कोण तर कुणी गोरटेली बाई. लोक तिच्यापुढे वाकत होते. रडू यायला पाहिजे होतं तिथं मी विचार करत बसलो, ही कोण?

“त्या दिवशी माझ्यात बोलायचं बळ नव्हतं,” मी मोरिता-सानना म्हटलं. “आज आहे. या बाईंची आई विमानात बसून येते आहे. तिला मी हा बटाटा दाखवणार नाही.”

मोरिता-सान टोपी घालून बाहेर गेले. मला वाटलं, चिडले. थोड्या वेळानं मिठाईचे डबे घेऊन आले आणि गल्लीतल्या एकेका दारात जाऊन वाकले. गुरुवारी आवाज होईल, माफ करा. समोरच्या म्हाताऱ्या आजीबाईंनी विचारलं, काय एवढं महत्त्वाचं छापताय? हे म्हणाले, “एक चेहरा आधी चुकीचा छापला.” त्यांनी स्वतःच मला हे सांगितलं. हसत नव्हते.

गुरुवारी सकाळी मी रूळ धुतले. निशिमुरा-सान आल्या, सुट्टी असून. डेनिसबाई आल्या. मोरिता-साननी बाह्या वर केल्या आणि कागद लावायला घेतला. करडा छाप आधी. सगळ्या बायका धुक्यात उभ्या असल्यासारख्या. मग काळी शाई. पहिला कागद सरकलेला. दुसराही. जिच्यावरून छाप उठतो त्या प्लेटच्या पट्ट्या ढिल्या करायच्या, कसायच्या, पुन्हा बघायचं. डेनिसबाई प्रत्येक कागद उजेडात नेत होत्या.

“गाल बरोबर. कपाळ नाही.”

“काळी कमी करू?”

“नको. काळी राहू द्या. चमक पाहिजे.”

निशिमुरा-साननी कपाळावरच्या घामाच्या थेंबांपुरतीच काळी उतरवून नवीन प्लेट काढली. पुन्हा मशीन. दुपार टळली. कुणी घरी जाऊ या म्हटलं नाही. शेवटी एक कागद घेऊन डेनिसबाई खिडकीशी गेल्या आणि परत आल्याच नाहीत. मी भिंगातून बघायला गेलो. भिंग नकोच होतं. काळा चेहरा, त्यात जबडा आवळलेला, आणि कपाळावर घामाचे थेंब उन्हात चमकत होते. आजी कुणाला भिणारी दिसत नव्हती.

“चालू द्या,” त्या म्हणाल्या.

शनिवारी मी गेलो. डेनिसबाईंची आई काठी टेकत आली. त्या पोस्टरसमोर थांबली. मला वाटलं रडेल. नाही रडली. लेकीला काहीतरी म्हणाली, डेनिसबाईंनी मला जपानीत सांगितलं: “त्या दिवशी पोलीस पाणी देत होते. माझ्या आईनं घेतलं नाही. म्हणाली, पाणी नको, माणसं सोडा.”

निशिमुरा-सान माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते वाक्य हळूच स्वतःशी म्हणून बघितलं.

आता आमच्या प्रेसमध्ये चेहरा उजळायच्या आधी गिऱ्हाइकाला विचारतात. बहुतेक जण हो म्हणतात. म्हणू देत. विचारायचं काम आपलं.