माझ्या हातचे मोड

सगळा दोष बप्पाचा. बप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. बाबा आजारी पडले तेव्हा यांनीच फर्मान काढलं, "कॉलेज बंद! बापाला कोण बघंल?" स्वतःची दोन्ही पोरं पुण्यात शिकून राह्यलीत, ते चालतंय. मी वडीगोद्रीला परत आलो. घरात माझी बाजू घेणारी एकटी आई.

आता मित्र जमले की मोडांचे किस्से सांगायला लावतात. किस्से मटकीसारखेच, मूठभर भिजवले की पातेलंभर होतात! मी मात्र फुगवत न्हाई. झालं तेवढंच सांगतो.

*

डॉक्टरांनी बाबांना मोड आलेलं खायला सांगितल्तं. आईच्या हातचे मोड धड यायचे न्हाईत, म्हणून एकदा मी मटकी बांधून खुंटीला टांगली. सकाळी मोड बोटाएवढे! फडक्यातून आरपार.

"हातगुण आहे पोराला," बप्पा म्हणाले. "उगंच कॉलेजात घातलं!"

*

एकदा घाईत आईनं मुगाऐवजी मुगाची डाळ भिजवली. मीबी न बघता बांधली. डाळ! सोललेली, दोन फाकी झालेली. सकाळी एकेका फाकीला पांढरं शेपूट.

आईनं ताट खाली ठेवलं ते परत उचललंच न्हाई. बप्पांनी मूठभर तोंडात टाकली.

"आजकाल कंपनीवाले पॉलिश बराबर करत न्हाईत!"

*

मंग बप्पांना चेव आला. पारावरच्या म्हाताऱ्यांशी पैज लावून फुटाणे घेऊन आले. भट्टीत भाजलेले, खारे फुटाणे!

"बांध."

बांधले. आले मोड.

पारावरची मंडळी बघायला आल्ती. एकानंबी चहा घेतला न्हाई, चपला घालून निघाले. बप्पांनी एकट्यानं सगळे फुटाणे संपवले आणि वर म्हणतात, "याच्यात लोह जास्त असतंय. व्हॉट्सअ‍ॅपवर आल्तं!"

*

शेजारी किराणा दुकानवाल्या जैन काकू आहेत. त्या मोड आलेलं खात न्हाईत. "मोड आला की एका दाण्यात अनंत जीव येतात बेटा," म्हणायच्या.

एकदा बाबांना बघायला आल्या. जाताना खुंटीवरच्या गाठोड्याला हात लागला, तो झटक्यात मागं घेतला.

"हाय राम, ये तो गरम है!"

"मोड येताना गरम होतंच काकू." खरंच होतं, मी शिकलोय तेवढं.

"गरम होऊ दे रे. पण हे श्वास घेऊन राह्यलं!"

*

मोड फडक्याच्या एकाच बाजूनं बाहेर यायचे. बाबांच्या खाटेकडच्या. गाठोडं उलटं फिरवून टांगलं, तरी तिकडंच. शेवटी मी खाटच समोरच्या भिंतीला नेली. सकाळी मोड समोरच्या भिंतीकडं.

बाबा हसून म्हणाले, "माझीच वाट पाहून राह्यलेत गं!"

"काहीबी बोलू नका," आई म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं न्हाई.

*

पावसाळ्यात बाबा गेले. अस्थी घरात घेत न्हाईत. पांढऱ्या फडक्यात बांधून लिंबाला टांगायच्या, मंग गोदावरीला न्यायच्या. बप्पांनी फडकं माझ्याच हातात दिलं.

"गाठ तू मार. हातगुण आहे तुला."

"मी न्हाई मारणार."

"चार माणसांत उलटं बोलतो? शिकला न्हाई तो न्हाई, वळणबी न्हाई!"

मारली गाठ.

सकाळी न्यायला गेलो तर गाठोडं तट्ट फुगलेलं. हात लावला. गरम. आईनं त्याला कान लावला आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मंग मला म्हणाली, "सोड गाठ."

मी बप्पांकडं बघितलं. जगातल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर असलेला हा माणूस. त्यानं गाडीची चावी माझ्याकडं फेकली. "चल, जल्दी!"

आई मागून हाका मारत होती. गाठ न सोडताच मी ते गोदावरीत सोडलं.

आता आई रोज सकाळी बाबांचा सदरा भिजवून, पिळून माझ्यापुढं आणून ठेवते. म्हणते, "बांध."

मी बांधत न्हाई. त्या एका शब्दाशिवाय आई माझ्याशी बोलत न्हाई.