मेंढ्यांनी आणलेली मेथी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आमच्या हायस्कुलातल्या विज्ञानाच्या बाईंचे आहेत. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत शिकलेला मी पहिलाच. दहावीनंतर मला केळीच्या बागेत कामाला लावायचं घरात ठरलं होतं. बाई शाळेच्या गावाहून, ब्राह्मणपुरीहून, आमच्या घरापर्यंत चालत आल्या, ओट्यावर बसून चहा प्यायल्या आणि वडिलांचा होकार घेऊनच उठल्या.

दर शनिवारी त्या आम्हाला बांधावरचं एक झाड मुळासकट आणायला सांगत. आधी पान, खोड, मूळ, फूल यांचं वर्णन करायचं. नाव शेवटी. आणि पुस्तकातलं नाव विचारायच्या आधी त्या म्हणत, "तुझ्या घरी याला काय म्हणतात, ते सांग." फळ्यावर दोन्ही नावं लिहीत, शेजारी शेजारी, सारख्याच अक्षरात.

आता मी शहाद्यात एका कार्यालयात लिपिक आहे. आमच्या कॉलनीची एक मोकळी जागा आहे. घरटी एकेक पट्टी भाजीपाल्यासाठी वाटून दिली आहे. वडील गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली, पण तिची कपड्यांची पिशवी खुंटीवर भरलेलीच राहिली. शेजाऱ्यांशी काय बोलावं ते तिला कळेना. दिवसातून चार वेळा गावाच्या गाडीची वेळ विचारायची. मग तिच्या हाती पट्टी आली आणि विचारणं कमी झालं.

दिवाळीनंतर रस्त्यापलीकडच्या शेतात काठेवाडी मेंढपाळांचा कळप बसला होता. खताचं पोतं आणून टाकण्यापेक्षा लेंड्यांसाठी रानात रात्रभर मेंढ्या बसवाव्यात, ही आमच्या गावची रीत. आई स्वतः जाऊन त्यांना ज्वारी देऊन आली. पट्टीभोवती जाळी लावून थोड्या मेंढ्या आमच्याकडेही बसल्या. कॉलनीतली मंडळी गच्चीवरून बघत होती. मला थोडी लाज वाटली, आईला मात्र नाही. नंतर तिने अर्ध्या पट्टीत लसूण लावला आणि उरलेली अर्धी उन्हाळ्याच्या भेंडीसाठी मोकळी ठेवली.

लसूण वीतभर झाला तेव्हा त्याच्यात दुसरंच काहीतरी दाट उगवलं. प्रत्येक देठाला तीन पानं, कडा बारीक दातेरी. आई खूश झाली. "मेथी शे! मेंढ्यास्नी पेरी दिन्ही!" तिने एक पान चावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "नई रे पोऱ्या. मेथी नई शे हाई."

बी लेंड्यांतून आलेलं आणि ते फक्त आमच्याच पट्टीत, त्यामुळे दोष कुणाचा हे शोधायची गरजच पडली नाही. कॉलनीचे चेअरमन काका कंबरेवर हात ठेवून बांधावर उभे राहिले.

"तुम्ही मेंढ्या बसाड्यात, आते आम्ही जंगल देखानं का? नाव काय शे याचं?"

"बघतो, काका."

"बघतो? बी.एस्सी. ना तुम्ही? का तीबी मेंढ्यास्नीच पास करी दिन्ही?"

दोन बायका तोंडाला पदर लावून हसल्या. काकांनी सांगून टाकलं, रविवारी तणनाशक मारायचं. बी पडलं तर सगळ्यांच्या पट्ट्या जातील. त्यांची भीती खोटी नव्हती. पण त्या फवाऱ्याने लसूणही जळाला असता.  घरी आल्यावर आईने खुंटीवरची पिशवी काढली, झटकली आणि पुन्हा अडकवली. "मन्हा लसून जळना, तर मी गावले चालनू," एवढंच म्हणाली.

तो आठवडा मी कुठेच धड बसलो नाही. कार्यालयात एका अर्जावर दुसऱ्याच अर्जाचा शिक्का मारला. फोनमधल्या अ‍ॅपला फोटो दाखवला, तर त्याने सकाळी एक नाव दिलं आणि संध्याकाळी दुसरं. फुलाशिवाय नाव सांगू नये, हे बाईंनीच शिकवलेलं. आणि फूल काही येईना. सकाळी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर बूटही न काढता मी पट्टीत जाऊन शेंडे चाचपायचो. आई बांधावरून म्हणायची, "त्याले ओढीसन फूल येवाव नई."

शेवटी मी बाईंच्या शनिवारसारखं एक रोप मुळासकट काढलं. मुळांवर बारीक गुलाबट गाठी होत्या. म्हणजे हे जमिनीत नत्र धरणाऱ्यांपैकी, हरभऱ्याच्या जातकुळीतलं. खिशात राहिलेली एक फांदी वाळली आणि तिला नुकत्याच कापलेल्या गवतासारखा गोडसर वास यायला लागला. मग शनिवारी नळाजवळच्या ओलीत एका रोपावर मोहरीएवढी पिवळी फुलं दिसली, उभ्या तुऱ्यात. मेथीचं फूल असं तुऱ्यात येत नाही. मी तसाच माझ्या जुन्या कॉलेजात गेलो आणि वाळवून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. तुरा, पान, वास, सगळं जुळलं. वनमेथी.

रविवारी काका पाठीवर पंप घेऊनच आले. मी मूळ दाखवलं, गाठी दाखवल्या. बी धरायच्या आत उपटून रिकाम्या अर्ध्या पट्टीत गाडलं तर खत होईल, असं सांगितलं.

"आणि एक जरी राहिलं तर?"

"तर पंप मीच पाठीवर घेईन."

काकांनी पंप खाली ठेवला, पण घरी नेला नाही. आमच्या बांधावरच ठेवला. आईने आणि मी लसणाच्या रांगांतून एकेक रोप उपटलं, चर खणून गाडलं. संध्याकाळी काका चपला काढून रांगारांगांतून फिरले आणि मग पंप उचलून गेले.

बाई आता मुलीकडे सुरतेला असतात. कानांना कमी ऐकू येतं, म्हणून फोनपेक्षा पत्र बरं. लसूण निघाल्यावर मी हे पाठवलं:

"आदरणीय बाई, सादर नमस्कार.

सोबत एक फांदी वाळवून पाठवत आहे. कागद उघडल्यावर आधी वास घ्या. मी फूल येईपर्यंत थांबलो, पण शांतपणे थांबलो असं खोटं सांगणार नाही. लसूण वाचला. काल काढला, वेणी बांधून दारात टांगला आहे. रिकाम्या पट्टीत आईने भेंडी लावली आहे. भेंडी निघेपर्यंत तरी आई इथे थांबेल, पुढचं मला माहीत नाही. ती रोज माती उकरून गाडलेलं कुजलं का ते पाहते, आणि रोज सकाळी मीही पाहतो, नवं काही उगवलं का.

पुस्तकात हिचं नाव वनमेथी आहे. आमच्या घरी आजवर हिला नाव नव्हतं. आई आता 'मेंढ्यास्नी मेथी' म्हणते, आणि परवा चेअरमन काकाही तेच म्हणाले. कागदावर दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहिली आहेत.

आपला विद्यार्थी"