लॉनची वाटणी

आमच्या घरापुढे लॉन आहे हे सांगताना मला अजूनही थोडं चोरट्यासारखं होतं. बुलडाण्याहून देऊळघाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही घर बांधलं, तेव्हा आमच्या ह्यांनी पुढची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आणि तिथं गवत लावलं. विकत आणून लावलं. मातीसकट कापलेले चौकोनी तुकडे टेम्पोतून आले आणि फरशी बसवावी तसे ह्यांनी ते उकिडवं बसून बसवले. हे पाटबंधारे खात्यात होते. नोकरीभर दुसऱ्यांच्या शेतांना पाणी सोडलं, आता निवृत्तीनंतर आपल्या दारात काहीतरी हिरवं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी शाळेत मराठी शिकवते, मला हरकत घ्यायला वेळ नव्हता.

लॉनने मूळ धरलं तेव्हा माझे सासरे सुलतानपूरहून राहायला आले. मी शाळेत गेले, हे बँकेत गेले. दुपारी परत येऊन पाहते तर मामंजी अंगणाच्या मधोमध विळा घेऊन बसलेले, आणि त्यांच्यामागे सतरंजीएवढा भाग साफ बोडका. उपटलेल्या गवताचा नीट ढीग एका बाजूला.

"सूनबाई, एवढं चांगलं आंगन हाय तुमचं, अन् सारं तन माजलं. निंदून राह्यलो. बाकीचं उद्या करतो."

तेवढ्यात हे आले. गाडी बंद करायची विसरून फाटकातच उभे राहिले.

"बाबा, ते विकत आणलंय."

"काय?"

"गवत. विकत आणून लावलंय."

मामंजींनी विळा खाली ठेवला. एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. मग अगदी दुखावल्या आवाजात म्हणाले, "जनमभर मी हे उपटू उपटू फेकलं. लोक हे इकत घेते, हे मले आजवर सांगतलं काऊन नाही बे?"

बोडका भाग पुन्हा भरला. मामंजी मात्र लॉनवरून चालताना हात पाठीमागे घट्ट धरून चालू लागले. हात मोकळे राहिले तर आपोआप उपटतात, असं त्यांनीच मला सांगितलं.

तेव्हा आमच्याकडे गवत कापायचं साधं मशीन होतं. मागे कापडी पिशवी, कापलेलं सगळं तिच्यात जायचं. ती पिशवी आमच्या दूधवाल्या मावशींच्या पोत्यात रिकामी व्हायची. मावशी देऊळघाटच्या. स्कूटीला दोन्हीकडे कॅन लावून येतात आणि त्यांचा हॉर्न कॅनच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून फाटकातून हाका मारतात. आमच्या गवतावर त्यांच्या म्हशीचा फार जीव. "मॅडम, तुमच्या लानचं गवत पाह्यलं की ती बाकीच्या चाऱ्याकडे मान बी वळवत नाही," असं त्या सांगायच्या आणि ह्यांचा चेहरा खुलायचा.

सगळं छान चाललं होतं. मग हे पुण्याला लेकीकडे गेले. तिच्या सोसायटीत त्यांनी एक नवं मशीन पाहिलं. ते गवत कापतं, आतल्या आत त्याचा भुगा करतं आणि तिथंच खाली सोडतं. पिशवी नाही, ओझं नाही. भुगा मातीत मुरतो, गवताचं खत गवतालाच मिळतं, उन्हाळ्यात ओल टिकते. परत येताना हे गाडीत तेच वाचत आले. मशीन त्यांच्या पाठोपाठ मोठ्या खोक्यातून आलं.

"याला मल्चिंग म्हणतात," त्यांनी जेवताना जाहीर केलं.

मामंजींनी मान हलवली. त्यांना मल्चिंग माहीत होतं, आमच्याकडे मिरची-टमाट्याच्या वावरात वाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरून सगळेच करतात. "मंग कागद कुठी हाय?" त्यांनी विचारलं.

"कागद नाही बाबा. यात गवतच अंथरायचं."

"कायवर?"

"गवतावर."

मामंजी बराच वेळ भाकरी चावत राहिले. "अन् मिरची कुठी लावतं?" त्यांनी शेवटी विचारलं. हे उठून हात धुवायला गेले.

पहिल्या दिवशी मशीन चाललं, लॉन सुरेख दिसलं, आणि सकाळी मावशी पोतं घेऊन आल्या.

"साहेब, गवत?"

"आजपासून गवत नाही मावशी. ते इथंच आहे. मातीत."

मावशी वाकल्या. चष्मा वर केला, खाली केला. "मले तं दिसून नाही राह्यलं."

"दिसत नाही, हीच तर त्याची गंमत आहे."

"म्हशीले असंच सांगू काय?" मावशी म्हणाल्या. "की गंमत हाय म्हनून?"

ह्यांनी त्यांना ओल, खत, मुळं हे सगळं समजावून सांगितलं. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कॅनचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, "माती दूध देत असंल तं चांगलंच हाय साहेब. उद्यापासून मी कायले येऊ?"

दूध त्यांनी बंद केलं नाही. पण त्या दिवसापासून गल्लीतल्या प्रत्येक फाटकात थांबून त्या आमच्या लॉनची खबर देऊ लागल्या. साहेबांनी मुक्या जनावराच्या तोंडचा घास काढला आणि मातीत घातला, अशी ती खबर होती. शाळेत एका बाईंनी मला मधल्या सुट्टीत हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" घरात मामंजी म्हशीच्या बाजूने. ते ह्यांच्याशी बोलताना मधेच थांबायचे आणि कुणालाच न उद्देशून म्हणायचे, "उपाशी हाय बिचारी."

शेवटी मीच म्हटलं, वाटणी करा. अर्ध्या लॉनवर नवं मशीन, अर्ध्यावर जुनं. कोणतं गवत चांगलं येतं ते आपोआप दिसेल, आणि म्हशीलाही मिळेल.

वाटणी म्हटल्यावर मामंजींच्या अंगात दहा वर्षांपूर्वीचा शेतकरी संचारला. त्यांनी सुतळी मागवली, खुंट्या तासल्या, पावलांनी जमीन मोजली आणि पुन्हा मोजली. मावशींना पंचायतीला बोलावलं. त्या कॅन खाली ठेवून आल्या आणि नळाकडची बाजू आपली म्हणून मोकळ्या झाल्या.

"नळाकडची का?" हे म्हणाले.

"पान्याजवळचं वावर कोन सोडते साहेब?"

मधोमध सुतळी ताणली गेली. मामंजी तिला धुरा, म्हणजे शेताचा बांध, म्हणत आणि कुणी ओलांडताना पाय लागला तर ओरडत. टपाल घेऊन आलेला माणूससुद्धा तिला वळसा घालून दाराशी येऊ लागला.

आता खरी चढाओढ सुरू झाली. एके दिवशी पहाटे मी दार उघडलं तर हे लुंगीवर, अनवाणी, फक्त आपल्या अर्ध्या भागाला झारीने पाणी घालत होते. मला पाहून त्यांनी झारी मागे लपवली. "तुम्ही तर म्हणाला होतात याला पाणी कमी लागतं," मी म्हटलं. "लागतं कमीच," ते म्हणाले, "हे जरा जास्तीचं आहे." आणि मावशींच्या अर्ध्याला काही दिवस एक भयंकर वास येत होता, तो मामंजींनी कालवून ओतलेल्या शेणाचा निघाला. विचारलं तर म्हणाले, "म्हशीचं हाय. तिचंच तिले देल्लं. तुम्ही बी तं तेच करून राह्यले ना?" हे नाकाला रुमाल लावून आत गेले.

त्यातच मावशींनी आपली बाजू कापू द्यायची नाही असं ठरवलं. "वाढू द्या जरा, मंग एकदम नेतो." ती बाजू वाढत वाढत गुडघ्याला आली. ह्यांची बाजू बारीक, गुळगुळीत. न्हाव्याने अर्धी हजामत करावी आणि चहाला निघून जावं, तसं आमचं अंगण दिसू लागलं. संध्याकाळी फिरायला निघालेले लोक फाटकाशी थांबून कोण पुढे आहे ते विचारायचे.

तोवर पावसाळा सुरू झाला. एका रविवारी ह्यांच्या खात्यातले जुने साहेब सपत्नीक चहाला येणार होते. ह्यांनी त्यांच्याजवळ फोनवर मल्चिंगचं फार कौतुक केलेलं. रात्रभर पाऊस पडला होता, गवत चिंब होतं. "आज नको चालवू मशीन," मामंजी म्हणाले, मीही म्हणाले. पण साहेब येणार आणि लॉन दाढी वाढल्यासारखं दिसणार, हे ह्यांना सहन होईना.

मशीन घुर्र करत दोन पट्टे गेलं. मग त्याचा आवाज बसला. ओलं गवत आत भुगा व्हायच्या ऐवजी गोळा झालं आणि पालकाची भाजी पातेल्यातून उपसावी तसे त्याचे लगदे खाली पडू लागले. हे जितकं ढकलत, तितके लगदे वाढत. ते झाडूने पसरवायला गेले तेवढ्यात फाटकात गाडी थांबली.

साहेब पांढरीशुभ्र पँट घालून आले होते. "वा! हेच का ते?" म्हणत ते थेट लॉनवर आले. मामंजी ओरडले, "धुरा! धुरा पाह्यजा!" साहेबांनी खाली पाहिलं, सुतळी चुकवायला पाय उंच उचलला, दुसरा पाय लगद्यावरून घसरला आणि ते अगदी सावकाश, आरामखुर्चीत बसावं तसे खाली बसले.

मग मामंजी पुढे होऊन त्यांना माहिती देऊ लागले, "याले मल्चिंग म्हनते."

साहेबांना लागलं काहीच नव्हतं, पण पँट मागून पूर्ण हिरवी. त्यांना उठवायला आम्ही सगळे धावलो आणि त्या पायांनी घरात आलो. फरशीवर, पायपुसण्यावर, सोफ्याच्या पायांवर हिरवे ठसे. ह्यांची पँट साहेबांना बसेना, साहेबांचा घेर मोठा. तेव्हा मामंजींनी आपलं धुतलेलं धोतर काढलं आणि आतल्या खोलीत नेऊन त्यांना स्वतः नेसवलं. साहेब बाहेर आले ते वर इस्त्रीचा शर्ट, खाली धोतर. साहेबांच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

ओली पँट न्यायला काहीतरी हवं म्हणून मी मशीनचं रिकामं खोकं आणलं. त्याच्यावर मशीनचं चित्र होतं, आणि चित्रात मशीनच्या मागे चांगली गलेलठ्ठ पिशवी लावलेली होती. मी ते ह्यांच्यापुढे धरलं.

"पिशवी?" हे म्हणाले. "याला पिशवी असते?"

"ते काळं झोळनं काय?" मामंजी म्हणाले. "खोक्यात होतं. चांगलं हाय, हवा खेळते. कांदे ठेवले त्याच्यात."

कांदे खाली ओतले. पिशवी मशीनच्या मागे टक्कन बसली. मल्चिंग हवं तर आतलं झाकण लावायचं, गवत गोळा करायचं तर झाकण काढून पिशवी अडकवायची, इतकं ते सोपं होतं. हे मशीनकडे असे पाहत राहिले की मला त्यांची दयाच आली. साहेब मात्र धोतर सावरत दारात उभे राहून इतके हसले, इतके हसले, की धोतर पुन्हा नेसवावं लागलं.

त्यांना घ्यायला ड्रायव्हर फाटकात आला. धोतरातले साहेब त्याच्यासमोरून गाडीकडे गेले तरी तो दाराकडे बघत त्यांचीच वाट पाहत उभा होता.

दुसऱ्या दिवशी मावशींनी सगळे लगदे हातांनी गोळा करून नेले. सुतळी सोडली. आता उन्हाळ्यात आणि थंडीत गवत कोरडं असतं तेव्हा हे भुगा करून तिथंच सोडतात, आणि खरंच पाणी कमी लागतं, हे मलाही मान्य करावं लागलं. पावसाळ्यात पिशवी लागते आणि सगळं देऊळघाटला जातं. मावशी ह्यांना साहेब म्हणताना आता पुन्हा हसतात, मधल्या दिवसांत त्या तो शब्द जरा वेगळ्या सुरात उच्चारत.

साहेबांच्या बायकोचा अधूनमधून फोन येतो. साहेब घरी धोतरच नेसतात म्हणे, मोकळं वाटतं. मामंजींनी ते परत मागवलेलं नाही. फक्त एकदा मला म्हणाले, "सूनबाई, पुढच्या टायमाले त्यायले सदरा बी देऊ. त्या शर्टावर शोभत नाही ते."