सात पाट्यांची गाडी

आमच्या भागात पोट्ट्याला मिशी फुटायच्या आधी पिकअपची चाबी पाहिजे असते. मोटारसायकलवर काय नेशील बाप्पा, दोन माणसं आणि एक थैली. पिकअपमध्ये संत्रा जाते, कापूस जातो, शनिवारी अर्धं गाव जामसांवलीच्या मारुतीला जाते आणि लग्नसराईत नवरदेवाचे सगळे मामे जातात. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हा वर्गातले चार जण घरची पिकअप चालवत. लायसन एकाकडेही नव्हतं. कोणाला किती मार्क पडले ते कोणी विचारत नसे. कोणाच्या गाडीला किती पाटे आहेत, ते विचारत.

पाटे म्हणजे मागच्या चाकांवरच्या कमानीच्या लोखंडी पट्ट्या. आमच्यासारखा ठासून माल भरला की गाडी मागून बसते, म्हणून सौंसरच्या मिस्त्रीकडून वरचे दोन पाटे टाकून घ्यायचे. मी पण टाकले, सात झाले, आणि आठ दिवस छाती काढून फिरलो. बाबांना ते आवडलं नाही. भरलेली चालवशील तोवर ठीक आहे, खाली चालवशील तेव्हा समजेल, एवढंच म्हणाले. खाली म्हणजे रिकामी गाडी उडायचीच. आम्हाला त्यातच मजा वाटायची. मागे डाल्यात, माल भरायच्या उघड्या भागात, पोट्टे उभे करायचे, मोहगावच्या रस्त्यावरचा खड्डा हेरायचा आणि कोण किती उडते ते पाहायचं. एकाचे दात ओठात घुसले तरी आम्ही हसून राहिलो होतो. अशी आमची अक्कल.

त्या दिवशी संत्र्याची तोडणी चालू होती. गाडी बगीच्यातच लावली होती आणि चाळीस कॅरेट चढवून झाले होते. जेवणं नुकतीच आटोपली होती. बाबा शिडीवर होते. वरच्या फांदीकडे वाकले, शिडीचा पाय मातीत सरकला आणि ते खाली ठेवलेल्या बांबूंच्या ढिगावर पाठीवर पडले. ओरडले नाहीत. नुसतं आभाळाकडे पाहत राहिले.

माय धावत आली. तिनं त्यांचा उजवा पाय धरला आणि अंगठा हलवा म्हणाली. तो हलला. दोनदा हलला. मी तिच्या खांद्यावरून पाहिला, आज कोणी उठवून विचारलं तरी सांगीन, हलला.

अॅम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसरा पेशंट घेऊन छिंदवाड्याकडे गेलेली, यायला दीड तास. बाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. दीड तास कोण थांबते? मी डाल्यात चढलो आणि कॅरेट खाली फेकायला लागलो. तोडणीच्या बायांनाही ओरडून कामाला लावलं. चाळीसच्या चाळीस उतरवले. संत्री मातीत लोळत होती आणि मला वाटत होतं, मी केवढं शहाणपण करून राहिलो. तणस पसरलं, वरून गोधडी टाकली, बाबांना चौघांनी उचलून ठेवलं. माय त्यांच्या डोक्याशी बसली.

पंधरा कॅरेट राहू दिले असते तरी माणूस मावला असता. पोटात वजन असलं की ती गाडी पाळण्यासारखी जाते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. मला तर चांगलंच माहीत होतं. त्या घडीला आठवलं नाही.

पहिल्या नाल्यात मागचं चाक उतरलं आणि बाबा ओरडले. त्यांना मी तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. मी गाडी पहिल्या गिअरवर आणली. काही उपयोग नाही. प्रत्येक खड्ड्यात डाला वर फेकला जायचा, आणि ते गोधडीसकट उडून पाठीवर आपटायचे. मी रडत होतो, शिव्या देत होतो, स्वतःला, रस्त्याला, त्या मिस्त्रीला. मग मायनं मागच्या काचेवर मुठी मारल्या.

"गाडी खाली आहे रे!" ती म्हणाली. "गाडी भर!"

मोहगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याचे कॅरेट गाडीची वाट पाहत रचलेले होते. ओळख ना पाळख. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि डाल्याकडे बोट दाखवलं. त्यानं डाल्यात डोकावून पाहिलं, बाबांना पाहिलं, गाडीच्या पाट्यांकडे पाहिलं, आणि घरच्यांना हाक मारली. त्यांनी बाबांच्या दोन्ही बाजूंनी कॅरेट लावले, एकावर एक, हलक्या हातानं. कुठले तुम्ही, माल परत कधी आणाल, एक शब्द विचारला नाही. त्यानंतर गाडी शांत चालली. बाबाही शांत झाले. मला वाटलं, आराम पडला.

सौंसरच्या दवाखान्यात उतरवल्यावर मायनं पुन्हा त्यांचा अंगठा धरला. दाबला, चिमटा काढला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, पाय कधीपासून हलत नाहीत? बाबांनी डोळे उघडले.

"झाडाखालीच गेले होते साहेब. पडलो तेव्हाच."

माय पदरातल्या तणसाच्या काड्या वेचत राहिली. डॉक्टरनं मान वळवून मला विचारलं, गाडीत ठेवताना पाय हलत होते का, नीट आठवून सांग. बाबांनी माझं मनगट धरलं. हातांत जोर होता त्यांच्या, चांगला जोर होता.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं ते लिहून घेतलं आणि नागपूरला पाठवलं. तिथं ऑपरेशन झालं. वाट पाहा म्हणाले, आम्ही पाहिली. मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी काही वेगळं केलं असतं का, हे मी आजवर एकाही डॉक्टरला विचारलं नाही. हो म्हणाले तर मी जगू कसा? घरातही ती गोष्ट निघत नाही. वरचे दोन पाटे मी त्याच महिन्यात काढून टाकले, मिस्त्रीच्या हातून नाही, स्वतः गाडीखाली झोपून.

आता शनिवारी मी बाबांना त्याच गाडीतून जामसांवलीला नेतो. आधी डाल्यात रेतीची पोती भरतो, मग गादी टाकतो, मग त्यांना उचलतो. ठेवताना माझी नजर दर वेळी उजव्या पायाच्या अंगठ्यावर जाते. बाबांना ते माहीत आहे. मी पाहायच्या आत ते पायावर चादर ओढून घेतात.