थेल्माच्या ट्रकची काळी तार

मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळ्यांना चाळीस वर्षं रांधून वाढल्यावर थेल्मा पिकेट क्विल्पी गावात आमच्या शेजारी राहायला आली. तिचा म्हातारा ट्रक दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार घेतल्याशिवाय चालूच व्हायचा नाही. रोज सकाळी मी माझी गाडी शेजारी लावून तारा जोडायचो आणि गॅरेजवाला डेस तिथे अक्कल पाजळायचा. त्याच्या सल्ल्याने दोन नव्या बॅटऱ्या आणि एक डायनामो बसवून झाला होता.

"आता स्टार्टर बदलू," डेस म्हणाला.

"उद्या माझे गुडघेही बदलशील. गप्प बस जरा." थेल्मा माझ्याकडे वळली. "काय रे, ही काळी तार तू माझ्या बॅटरीला न लावता इंजिनाला का लावतोस?"

"बापाने तसंच शिकवलंय."

"बरं. तुझी गाडी काढ बाजूला."

तिने तीच तार उचलली. एक टोक तिच्याच बॅटरीच्या उणे टोकाला लावलं, दुसरं इंजिनाला. किल्ली फिरवताच ट्रक गुरगुरत चालू झाला.

मग ट्रक बंद करून ती खाली सरपटली आणि बॅटरीला इंजिनाशी जोडणारी अर्थिंगची जुनी तार ओढली. हिरवी, कुजलेली तार तिच्या हातातच आली.

"बॅटरी ठणठणीत होती. तिचा करंट इंजिनापर्यंत पोचत नव्हता," ती म्हणाली.

"मी उद्या हेच सांगणार होतो," डेस पुटपुटला.

"मग आजच नवीन तार आण. आणि खाली शिरून तूच बसव."

डेसचं पोट ट्रकखाली अडकलं. त्याला पाय धरून बाहेर ओढताना मला फार बरं वाटलं.