गढीवरचं पाडव्याचं जेवण

आमच्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. हे पेडगावच्या पलीकडच्या एका गावात हायस्कूलवर गणित शिकवायचे. विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे, असं ह्यांनी एकदा चावडीपुढं सगळ्यांदेखत सांगितलं, आणि गाव आमच्याशी बोलेनासं झालं. दूधवाल्यानं रतीब बंद केला. येत राहिले ते फक्त शाळेतलेच एक सर. बौद्धवाड्यात राहायचे, रोज संध्याकाळी चहाला यायचे.

अशात दिवाळीच्या पाडव्याला गढीवरून जेवणाचं बोलावणं आलं. गढीचे मालक शाळेच्या संस्थेवर होते. नामांतराच्या विरोधात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

"जायचं न्हाई," मी म्हणाले. "आजवर तोंड फिरवून जायचे. आत्ताच कसा पुळका आला?"

"न्हाई गेलो तर भ्यालो म्हणतील."

गेलो. दरवाजाला झेंडूची तोरणं, बुरुजांवर पणत्यांच्या रांगा, दिवाणखान्यात निजामाच्या काळातली झुंबरं लख्ख पुसून पेटवलेली. मालक स्वतः दारापर्यंत आले. "या मास्तर, या. तुमचीच वाट पाहायलो." इतका गोड आवाज की माझ्या अंगावर काटाच आला.

मला आत बायकांच्या पंगतीत नेलं. ताटात पुरणपोळी, वर तुपाची धार. मालकीणबाई खास माझ्यापाशी थांबून वाढत होत्या. बाकीच्या बायकांनी घास घेतलेला बघितला, मगच मी पोळीला हात लावला.

"घराला कुलूप लावून आलाव ना?" मालकीणबाईंनी सहज विचारलं.

हे कशाला विचारायच्यात? आमाला इथं बसवून तिकडं घराचं काही करायलेत का? हातातला घास मी परत ताटात ठेवला.

तेवढ्यात बाहेरून हशा ऐकू आला. मी खिडकीशी गेले. मालकांनी ह्यांच्या डोक्याला फेटा बांधला होता, आणि पाडव्याला भेटायला आलेल्या गावाला ते सांगत होते, "मास्तर आपल्याच घरचा माणूस हाय. मधी जरा बहकले होते. आता तसं काही राह्यलं न्हाई."

ह्यांनी बोलायला तोंड उघडलं, तसा मालकांनी खांद्यावर हात टाकला आणि पुढच्या माणसाला मोठ्यानं हाक मारली.

परत आलो, तर घराला कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी दूधवाला आपणहून आला. चहाला सर मात्र आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग आम्हीच बौद्धवाड्यात गेलो.

"फेटा त्यांनी बांधला," हे म्हणाले. "मी माझं काही मागं घेतलेलं न्हाई, सर."

"मग गेलाव कशाला?"

"भ्यालो न्हाई हे दाखवायला," मी म्हणाले. म्हणताना माझं मलाच ते पोरकट वाटलं.

सरांच्या बायकोनं चहा आणला. कप देताना ती माझ्याकडं अशी बघत होती, जशी मी गढीवर मालकीणबाईंकडं बघत होते.

सुट्टी संपल्यावर ह्यांनी चावडीपुढं पुन्हा तेच सांगितलं, मालक समोर बसलेले असताना. उन्हाळ्यात ह्यांची बदली संस्थेच्या मानवतकडच्या शाळेवर झाली. सामान चढवायला सर आले, पेट्या उचलल्या, गाडी हलेपर्यंत थांबले. त्यांची बायको आली नाही.