परत मिळालेलं एक पाऊल

माझा मामा बूट शिवतो. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांत बसत नाहीत, त्यांचे. एक पाय आखूड, कमान कोसळलेली, बोटं एकमेकांवर चढलेली, अपघातात अर्धी टाच गेलेली, असे पाय त्याच्याकडे येतात. मी मामा म्हणते म्हणून गिऱ्हाईकंही त्याला मामाच म्हणतात, त्यात ऐंशीच्या आजीबाईही आल्या. वय सदुसष्ट, बोटं जाड, आणि माणूस इतका भोळा की त्याच्यावर चिडायचं ठरवलं तरी दहा मिनिटांवर राग टिकत नाही.

दुकान पहिल्या मजल्यावर आहे, कारण तळमजल्याचं भाडं परवडत नाही. लंगडणाऱ्यांचा बूटवाला आणि वर जायला बावीस पायऱ्या! मामाला याची मनापासून लाज वाटते. म्हणून त्याने धंद्याच्या सुरुवातीलाच एक नियम केला: गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा जिना चढायला लावायचा नाही. "ज्याचा पाय दुखतो त्यालाच हेलपाटे? अक्कल गहाण टाकलीय का?" असं तो मलाच विचारायचा, जणू जिना मी बांधला होता. माणूस एकदा यायचा, मामा त्याच्या पायाचा प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि मग जन्मभर फोनवर काम. "मामा, मागच्यासारखेच करा." झालं. पंधरा दिवसांत बूट कुरिअरने घरपोच. लोक दुवा द्यायचे.

असे चारशेच्या वर साचे मागच्या खोलीत फळ्यांवर उभे होते, पांढरे, प्रत्येकाच्या टाचेवर नंबर. माझं ऑफिस बंद पडलं आणि मी मामाच्या हाताखाली आले, तेव्हा मला ती खोली बघवेना. मी शहाणी. एकेक साचा स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घातला. फाईल पाठवली की दोन गल्ल्या पलीकडचा सुतार यंत्रावर तसाच लाकडी फर्मा कापून द्यायचा, आणि मामा त्यावर चामडं चढवायचा. मग साचे टेम्पोत भरून टाकून द्यायला लावले. "अगं, लोकांचे पाय फेकतेस?" मामा म्हणाला. मी हसले. आता ते हसू आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्या मंगळवारी सकाळी मी दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. मामा एका बोटाने टाइप करतो, पण आलेली मेल स्वतः उघडण्याची त्याला भारी हौस. एक मेल आली होती: 'माझ्या मुलीच्या पायाचा एक्स-रे सोबत जोडला आहे, कृपया लवकर पाहावा.' मुलीचा पाय म्हटल्यावर संपलंच. मामाने फाईल उघडली. धूसर पान आलं, आणि वर पिवळी पट्टी: मजकूर दिसण्यासाठी परवानगी द्या. मामाने दिली. काही दिसेना म्हणून आणखी दोनदा दिली. एवढ्यावर थांबेल तर मामा कसला! त्याने उलट उत्तर लिहिलं: 'एक्स-रे उघडत नाही. मुलीला घेऊन या. काळजी करू नका, सगळं ठीक होईल.' म्हणजे चोराला दिलासा देऊन हा माणूस टाच शिवायला बसला. जगाने मामाला मामा बनवलं, तो दिवस तो.

दुपारी मी परतले. सुताराला पाठवायला एक फाईल उघडली, उघडेना. दुसरी, तिसरी, तेच. प्रत्येक नावामागे अगम्य अक्षरांचं शेपूट लागलेलं. मग पडद्यावर पाटी आली: तुमच्या सगळ्या फाईल्स कुलूपबंद केल्या आहेत, सात दिवसांत पैसे भरा, किल्ली मिळेल.

आमचा कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला सगळे नटबोल्ट म्हणतात. तो आला, बघितलं आणि खुर्चीत मागे रेलला. मामाने विचारलं, "चोरीला गेलं का रे सगळं?"

"गेलं कुठेच नाही मामा, सगळं इथेच आहे," नटबोल्ट म्हणाला. "समजा, एक माणूस पाहुणा म्हणून घरात शिरला. दार तुम्हीच उघडलंत. त्याने काही उचललं नाही. तुम्ही कामात असताना गुपचूप एकेका कपाटाला आपलं कुलूप लावत गेला. आता कपाटं तुमची, आतलं सामान तुमचं, किल्ली त्याची. कुलूप असं की फोडायला गेलं तर शंभर वर्षं लागतील."

"त्यापेक्षा चोर बरा," मामा म्हणाला. "त्याला निदान वस्तूचा काही उपयोग असतो. माणसांच्या वाकड्या पायांचं हे लोक काय करणार?"

"त्यांना काहीच करायचं नाही. तुम्हाला त्याची गरज आहे, एवढं त्यांना पुरतं." मग तो माझ्याकडे वळला. "ताई, दुसरी प्रत ठेवली असेल ना?"

ठेवली होती. वेगळ्या डिस्कवर, रोज संध्याकाळी. कधी विसरायला नको म्हणून ती डिस्क मी कॉम्प्युटरला कायमची जोडून ठेवली होती. नटबोल्टने वायरीकडे पाहिलं. "घराची दुसरी किल्ली दारालाच लटकवता होय?" तो हळूच म्हणाला. त्या डिस्कवरही प्रत्येक नावाला तेच शेपूट होतं.

मागितलेली रक्कम भरायची तर मामा-मामीने म्हातारपणासाठी ठेवलेली ठेव मोडावी लागणार होती. मी म्हटलं, द्यायचे नाहीत. नटबोल्ट म्हणाला, पैसे देऊनही किल्ली मिळेलच याचा भरवसा नाही. मामा नकारार्थी मान हलवत राहिला. "चारशे लोकांनी पाय माझ्या भरवशावर ठेवलेत," तो म्हणाला. "त्यांना आता सांगू, या, पुन्हा जिना चढा? अर्ध्यांना आता दार गाठणं होत नाही."

त्या पाटीच्या तळाशी आणखी एक ओळ होती. विश्वास बसावा म्हणून कोणतीही एक फाईल आम्ही फुकट उघडून देऊ. मामाला याचंच कौतुक. "नमुना दाखवतात! धंदेवाईक आहेत." मग त्याला कळलं, चारशेतलं एकच पाऊल निवडायचं आहे. गिऱ्हाइकांची वही काढली, पानं उलटली. शेवटी ग्रंथपाल बाईंवर बोट ठेवलं. त्या निवृत्त, एकट्या, डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड. सगळ्यात अवघड पाय त्यांचाच. बुटांचा तळ फाटल्याने आठवडाभर घराबाहेर पडल्या नव्हत्या. मामाचं ठरलं: बाईंची फाईल नीट आली, तर सोमवारी बँकेत जाऊन ठेव मोडायची.

नटबोल्टने वेगळ्या कॉम्प्युटरवरून फाईल पाठवली आणि दुसऱ्या दिवशी ती उघडून परत आली. मामाने जुन्या वहीत टिपलेल्या दोन-चार आकड्यांशी ताडून पाहिली. केसाचाही फरक नव्हता. त्याचा चेहरा असा फुलला की मला त्या चोरांपेक्षा त्याचाच राग आला. तीन दिवस त्याने मान वर केली नाही. बूट इतके सुंदर झाले की मीही भांडण विसरून हात फिरवला. उशीर झाल्याची लाज होती, म्हणून रविवारी तो स्वतःच पोचवायला निघाला. मी सोबत गेले. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या घरी तो पहिल्यांदाच चालला होता.

बाई तळमजल्यावर राहतात. भिंतभर पुस्तकं, खिडकीशी एक खुर्ची. आम्हाला बघून त्या इतक्या खूश झाल्या की चहा ठेवायचंच विसरल्या. नवे बूट घातले, उभ्या राहिल्या, दोन पावलं टाकली.

"अगदी मागच्यासारखेच! जादू आहे हो मामा तुमच्या हातात." मग म्हणाल्या, "एक मिनिट हं," आणि पाय ओढत जुन्या बुटांपाशी गेल्या. डाव्यातून एक घडी काढली आणि सहज, चष्मा पुसावा तशी, नव्या बुटाच्या टाचेत सरकवली.

"हे काय बाई?" मामाने विचारलं.

"काही नाही हो. माझी सवय."

मामाने ती घडी मागून घेतली. पुस्तकाच्या पुठ्ठ्याचे तीन तुकडे कापून एकावर एक चिकटवलेले, वर लोकरीचं कापड शिवलेलं. काम नेटकं होतं. "कधीपासून?"

"झाली की सहा-सात वर्षं. आधी एकच पुठ्ठा होता."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

बाई ओशाळल्या. "तुम्ही इतक्या मायेनं करता. आणि मापं तर तुमच्याकडे जपून ठेवलेलीच होती. मला वाटलं, बूट बरोबरच असणार. माझंच पाऊल वाकडं पडत असेल."

मामा मटकन जमिनीवर बसला. त्याने बाईंचा मोजा उतरवला आणि पाय दोन्ही हातांत घेतला. कमान पुरती खाली आली होती, घोट्याखाली नवं हाड वर आलं होतं, आणि आखूडपणा बोटभर नव्हे, दोन बोटं झाला होता. अंगठ्याजवळ घट्टा पडून काळा झाला होता. मामा त्यावरून अंगठा फिरवत राहिला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. बाई घाबरून म्हणत होत्या, "अहो, दुखत नाही फारसं, खरंच नाही."

त्याने कागद मागितला, पेन्सिल मागितली, आणि तिथेच पावलाभोवती रेघ काढली. बूट काखोटीला मारून परत घेतले.

बसमध्ये मामाने ते बूट मांडीवर ठेवले. मग म्हणाला, "उद्या बँकेत नाही जायचं. पाय ज्याचे त्याच्याकडेच आहेत, त्यांना कोण कुलूप लावणार? मीच इतकी वर्षं बघायला गेलो नाही. जिना चढावा लागू नये म्हणून गिऱ्हाईकच बघायचं सोडून दिलं मी." मी त्याच्या हातावर हात ठेवला.

सोमवारी सकाळी मी वही घेऊन फोन करायला बसले. मामा घरी येऊन पुन्हा माप घेतील, कधी येऊ, आणि बूट कुठे लागतो का, एवढंच विचारायचं होतं. पहिल्या दोघांनी छान आहेत, उत्तम आहेत असं सांगितलं. तिसरे एक निवृत्त टपालवाले आजोबा होते, नऊ वर्षांत कधी तक्रार नाही.

त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "खरं सांगू का? मामांना वाईट नाही ना वाटणार?"

मामा समोरच चामडं कापायच्या रापीला धार लावत बसला होता. हात थांबवून माझ्याकडे बघत होता.

"वाटेल," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."